हेडलाइट पिवळे पडलेत? टूथपेस्ट बाजूला ठेवा

प्रश्न: गाडीला नऊ वर्षं झाली. हेडलाइट पिवळे, धुरकट झालेत. टूथपेस्टनं घासले की चकाकतात, पण दोन महिन्यांत पुन्हा तसेच. पावसाळ्यात चोर्ला घाटात रात्री रस्ताच दिसत नाही. नवेच बसवू का? – एक वाचक, खानापूर

उत्तर: एवढ्यात नको. काचेवर पाणी मारून बघा. ओली असताना स्वच्छ दिसली आणि वाळताच धुरकटली, तर दोष बाहेरच्या बाजूला आहे आणि तो निघतो. आत पाणी साचत असेल किंवा रिफ्लेक्टरची (बल्बमागच्या चकचकीत वाटीची) चकाकी उडाली असेल, तर घासून काही होणार नाही.

ही काच खरं तर पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची असते. वरचं कंपनीचं कोटिंग उन्हातल्या अतिनील किरणांनी मरतं आणि मग प्लास्टिक पिवळं पडतं. टूथपेस्टनं वरवरचा थर निघतो, पण नवं कोटिंग मिळत नाही. म्हणून ती चमक टिकत नाही.

आधी काच शाम्पूनं धुवा, भोवतीच्या रंगाला मास्किंग टेपचे दोन थर लावा. कोटिंगचे पोपडे निघत असतील तर 800 नंबरचा वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर), नाहीतर 1000 चा. पेपर आणि काच सतत ओली ठेवा. सुरुवातीला पिवळट पाणी येतं. ते पांढरं येऊन सगळी काच एकसारखी मॅट दिसेपर्यंत घासा. इथंच बहुतेकांची घाई होते. कोटिंगचा एखादा तुकडा राहिला, तर पॉलिशनंतर तिथं डाग उठून दिसतो. पुढं 1500, 2000, 3000. दर वेळी घासायची दिशा बदला, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. शेवटी पॉलिशिंग मशीनला फोम पॅड लावून कमी वेगात रबिंग कंपाउंड (पॉलिशची पेस्ट). मशीन एका जागी धरलं तर प्लास्टिक तापून खराब होतं. पेट्रोल, थिनर अजिबात लावू नका, बारीक तडे जातात.

त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून हेडलाइटची पारदर्शक पीपीएफ (संरक्षक) फिल्म लावा. टूकेचा (हार्डनर मिसळून मारायचा) यूव्ही क्लिअर कोट जास्त टिकतो, पण त्यासाठी 1000 ते 1500 वरच थांबायचं, कंपाउंड लावायचं नाही. या क्लिअर कोटची वाफ फुप्फुसाला घातक असते, तेव्हा ते काम पेंटरकडूनच करून घ्या, आणि तेही पावसाळा टाळून. आपल्याकडच्या दमट हवेत क्लिअर दुधाळ होतो.

उजेड कमी वाटतो म्हणून 60/55 वॅटच्या जागी 100 वॅटचा बल्ब टाकू नका. होल्डर आणि वायरिंग जळतं.