सरकारने प्रोग्रॅमिंगची एकच भाषा सक्तीची केली तर?

तुमचा प्रश्न: सरकारी खात्यांची सगळी सॉफ्टवेअर एकाच प्रोग्रॅमिंग भाषेत लिहायची सक्ती केली, तर कारभार सुटसुटीत होईल का?

नाही होणार. मी नाशिकला कॉलेज रोडजवळ प्रोग्रॅमिंगचे क्लास घेतो. सी जरा हातात बसते न बसते तोच जावा समोर येते, आणि दरवर्षी एखादं पोर कळवळून हेच विचारतं. त्याला मी अमेरिकेच्या संरक्षण खात्याची गोष्ट सांगतो, कारण त्यांनी हा घाट खरंच घातला होता.

१९७०च्या दशकात त्या खात्यात साडेचारशेहून जास्त भाषा नांदत होत्या. एवढी खटली तर लग्नघरातही नसतात! मग एकच भाषा ठरवायला अपेक्षांचे मसुदे निघाले: स्ट्रॉमॅन, वुडनमॅन, टिनमॅन, आयर्नमॅन आणि शेवटी स्टीलमॅन. गवताच्या बुजगावण्यापासून थेट पोलादी पुरुषापर्यंत! त्यातून ॲडा जन्मली. नाव जगातली पहिली प्रोग्रॅमर मानल्या जाणाऱ्या ॲडा लव्हलेसबाईंचं, आणि लष्करी मानकाचा क्रमांक १८१५, म्हणजे बाईंचं जन्मसाल. मला हे फार आवडतं.

१९९१मध्ये सक्ती आली. पण कायद्यातच 'जिथे परवडेल तिथे' अशी सोय होती आणि खास परवानगीचीही. झालं! जो तो परवानगीच्या रांगेत. १९९७मध्ये सक्ती गुंडाळली.

भाषा मात्र गुणाची. बोइंग ७७७ विमानातलं बरंचसं सॉफ्टवेअर ॲडातच आहे. पण भाषा चांगली म्हणून सॉफ्टवेअर चांगलं होतंच असं नाही. युरोपचं एरियान ५ रॉकेट १९९६मध्ये पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत फुटलं, तेही ॲडाच चालवत होती. एरियान ४चा जुना कोड तसाच उचलला होता. ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत कोंबायला गेले. हंड्यातलं पाणी तांब्यात! चूक झाल्याचं भाषेने ओरडून सांगितलं, पण तिथे ते ऐकून सावरणारा कोडच लिहिलेला नव्हता.

आता आपल्या द्राक्षांचं बघा. युरोप कधी म्हणत नाही की अमुकच ब्लोअरने, म्हणजे फवारणी यंत्राने, फवारा. तो मालातला रेसिड्यू, म्हणजे मागे उरलेला औषधाचा अंश, तपासतो. २०१०मध्ये क्लोरमेक्वाट हे वेलीची वाढ रोखणारं रसायन सापडलं, तेव्हा कंटेनर अडकले आणि बागायतदारांचं कंबरडं मोडलं. तो फटका क्रूर होता, पण त्यानंतर फवारणीची नोंद आणि तपासणी किती काटेकोर झाली, हे निफाड-दिंडोरीकडच्या कुणालाही विचारा. ब्लोअर मात्र ज्याचा त्याने निवडला.

सॉफ्टवेअरचाही रेसिड्यूच तपासावा. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर, खात्याच्या ताब्यात हवा, चाचण्या लिहिलेल्या हव्यात, आणि कंत्राटदार बदलला तर नव्या माणसाला तो कोड वाचून महिनाभरात दुरुस्ती करता आली पाहिजे. एवढं टेंडरमध्ये लिहा आणि खरोखर तपासा. मग कंत्राटदार तो कोड आजच्या पायथॉनमध्ये लिहो नाहीतर जुन्या कोबॉलमध्ये.