एस्पेरांतो शिकायला बसण्याआधी

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

या पावसाळ्यात एस्पेरांतो ही मुद्दाम रचलेली आंतरराष्ट्रीय भाषा शिकायला घेणार, हे वाचून फार आनंद झाला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या शाकारलेल्या, घरात कामं कमी, वेळ मिळेल. फक्त लाइट आणि रेंजच्या भरवशावर राहू नकोस. व्याकरणाचे मूळ १६ नियम चार-पाच पानांत मावतात. ते आणि मूळ शब्दांची यादी आत्ताच छापून घे.

सोपी म्हणून पुष्कळजण या भाषेकडे वळतात. टिकतात ते मात्र शब्द घडवण्याच्या ओढीने, आणि तुलाही तीच गोडी लागावी असं मला मनापासून वाटतं. 'फिश्' हे मूळ घे. 'ओ' जोडला की नाम: फिशो, मासा. फिशारो म्हणजे माशांचा थवा, फिशिदो माशाचं पिल्लू, फिशेतो बारका मासा. 'वेंद्' म्हणजे विकणं, 'इस्त्' तो धंदा करणारा, 'इन्' स्त्री. म्हणून मासळी विकणारी बाई फिश्वेंदिस्तीनो आणि तिचं दुकान फिश्वेंदेयो. आधी 'माल्' लावला की अर्थ उलटा: सेका सुकं, माल्सेका ओलं, फ्लुसो भरती, माल्फ्लुसो ओहोटी. रोज पाच नवी मुळं घे, प्रत्येकाला तीन-चार प्रत्यय लावून शब्द बनव, मगच शब्दकोश उघड. नुसत्या याद्या पाठ केल्यास तर महिन्याभरात कंटाळशील.

क्रियापद तर फारच सरळ. पुरुष, वचन, लिंग, कशानेच बदलत नाही: इरास जातो, इरिस गेला, इरोस जाईल. मराठी माणूस अडखळतो ते कर्माला लागणाऱ्या 'न' या प्रत्ययापाशी. आपण 'मुलाला पाहिलं' म्हणताना प्रत्यय लावतो, पण 'आंबा खाल्ला' म्हणताना आंबा उघडाच ठेवतो. एस्पेरांतोत ही सवलत नाही: 'मी मांजास मांगोन', म्हणजे मी आंबा खाते. विशेषणालाही तोच 'न' लागतो: ग्रांदान फिशोन, मोठा मासा. दुसरी चूक याहून चिवट. 'बंदरात उभी आहे' आणि 'बंदरात गेली' या दोन्हींत आपलं 'बंदरात' एकच. तिथे उभं असताना 'एन ला हावेनो', आत जाताना 'एन ला हावेनोन'. पहिले दोन महिने लिहिलेलं प्रत्येक वाक्य फक्त या 'न'साठी पुन्हा वाच. 'ला' हे उपपदही सुटेल, पण त्याची इतकी काळजी नको. ते वाचनाने आपोआप बसतं.

उलट ४५ सार्वनामिक शब्दांच्या तक्त्याला बाकीचे घाबरतात, तू घाबरू नकोस. कुठे-तिथे, केव्हा-तेव्हा ही घडण तुझ्या कानात आहेच: किए-तिए, किआम-तिआम. लक्षात एवढंच ठेव की 'कुठे' आणि 'जिथे' या दोन्हींना 'किए' एकच.

वही देवनागरीत लिहू नकोस. इथे मी केवळ उच्चार कळावा म्हणून लिहिते आहे. 'चमचा'तला च आणि 'चहा'तला च आपण एकाच अक्षराने लिहितो. एस्पेरांतोत ती दोन वेगळी अक्षरं आहेत, दुसऱ्यावर टोपी असते. टोपी टाइप होत नसेल तर अक्षरापुढे एक्स लिहितात. या भाषेच्या २८ अक्षरांत एक्स नाहीच, त्यामुळे गोंधळ होत नाही. इंग्रजीच्या सवयीने ट-ड म्हणू नकोस, स्वच्छ त-द म्हण. जोर नेहमी शेवटून दुसऱ्या स्वरावर.

टोकी पोना किंवा क्लिंगॉन या रचलेल्या भाषा आधी शिकू का, असं विचारलं होतंस. टोकी पोना २००१ची, शब्द साधारण १२०. चार-सहा आठवड्यांत हाताशी येते आणि विचार उकलून मांडायला लावते. पण तिच्यात नेमकेपणा आणणं कठीण, बांगडा आणि पापलेट वेगळे सांगताना दमशील. क्लिंगॉन ही 'स्टार ट्रेक'मधल्या परग्रहवासीयांची भाषा, तिचा शब्दकोश १९८५चा, भाषा मुद्दाम परकी वाटावी अशी रचलेली. दोन्ही नंतर शीक. झामेनहोफ या नेत्रवैद्याने १८८७ साली वॉर्सात एस्पेरांतो प्रसिद्ध केली आणि तिच्यावर मालकी ठेवली नाही. त्याआधीच्या वोलाप्युक या रचलेल्या भाषेचं उलट झालं: कर्ता श्लायर सुधारणांना मान्यता देईना, अनुयायी फुटले, भाषा ओसरली. एस्पेरांतोचा पाया १९०५मध्ये कायमचा ठरला, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीचा मजकूर तुला आजही वाचता येईल. १९७४पासून पास्पोर्ता सेर्वो चालते. या भाषेतले लोक प्रवासी भाषकांना घरी मोफत उतरवून घेतात.

तिसऱ्या आठवड्यापासून रोज पाच वाक्यं लिही: बाजार, पाऊस, जेटी, जे समोर असेल ते. पन्नास झाली की मला पाठव. 'न' कुठे राहिला तिथे लाल खूण करून परत देईन.

तुझी,
मावशी