पाकिस्तानात अहमदिया या स्वतःला मुसलमान मानणाऱ्या पंथावर सरकारने निर्बंध का घातले आणि त्याचे परिणाम काय झाले?

माझ्या मते मूळ कारण राजकीय आहे. धार्मिक पक्षांच्या आंदोलनापुढे नमून भुट्टो सरकारने १९७४ मध्ये घटनादुरुस्ती करून अहमदियांना बिगर-मुस्लिम ठरवले, आणि आपल्या लष्करी राजवटीला धर्माचे अधिष्ठान हवे असलेल्या झिया-उल-हक यांनी १९८४ च्या अध्यादेशाने, अहमदियांनी स्वतःला मुसलमान म्हणवणे, प्रार्थनास्थळाला मशीद म्हणणे किंवा अजान देणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा केला. त्याच वर्षी अहमदियांच्या खलिफांना, म्हणजे पंथप्रमुखांना, लंडन गाठावे लागले. कायद्यानेच परके ठरवल्यावर जमावालाही बळ मिळते. अहमदियांच्या कबरींचीही विटंबना होते. १९७९ चे नोबेल मिळवणारे अहमदिया भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांच्या रबवा येथील कबरीवरील ‘पहिले मुस्लिम नोबेल विजेते’ या ओळीतला ‘मुस्लिम’ हा शब्द पुसून टाकण्यात आला.