व्हॉट्सॲप, टेलिग्राम, स्लॅक एकाच खिडकीत हवं असेल तर वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं की ब्राउझर पुरेल?

एकेकच खातं असेल तर ब्राउझर पुरे. ऑपेराच्या डाव्या पट्टीत व्हॉट्सॲप, टेलिग्राम आयतेच मिळतात. विवाल्डीत वेब पॅनेलमध्ये हवी ती साइट चिकटवता येते. मला विवाल्डी जास्त आवडतो.

घरचं आणि धंद्याचं अशी दोन व्हॉट्सॲप असतील तर फर्डियम हे वेगळं सॉफ्टवेअर घ्या. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, एकच सेवा दोनदा जोडता येते आणि दोन्ही लॉगिन वेगळी राहतात. मात्र आत प्रत्येक सेवा म्हणजे क्रोमियमचं (क्रोम ज्यावर बनलाय त्या ब्राउझरचं) वेगळं पानच, त्यामुळे ४ जीबी रॅमवर लॅपटॉप रडतो. न लागणाऱ्या सेवांना हायबरनेट लावा, म्हणजे त्या वापरात नसताना झोपून राहतात.

आणि हो, व्हॉट्सॲपला फोनखेरीज ४ उपकरणंच जोडता येतात. हे सगळं वापरून बघून झालं की नको असलेली जुनी लॉगिन फोनवरून काढून टाका.