वाडा लोकांना दाखवायचा असेल तर

१८ एप्रिलला, जागतिक वारसा दिनी, तुमच्या पेठेतला वाडा उघडायचा म्हणता, तर आधी मालकासोबतच भाडेकरूंशीही बोला. मालकाचा होकार असतो. बायकामाणसं पाणी भरत असताना चौकात अनोळखी माणसं शिरली की भांडण भाडेकरूंशी होतं. कुठली खोली बंद राहणार, ते कागदावर घ्या.

मग माडी. जुना कडीपाट, म्हणजे तुळयांवर फळ्या टाकून केलेलं लाकडी छत, आधीच मातीच्या थराचं ओझं पेलत असतो. तुळईचं, म्हणजे आडव्या लाकडाचं, टोक भिंतीत शिरतं तिथे ओल मुरते आणि लाकूड आधी तिथेच कुजतं. मधोमध टकटक करून काही कळत नाही. टोकाशी पेचकस टेकवा. सहज आत गेला, तर माडी बंद. शंका असली तरी बंदच, आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. माडी ठीक निघाली तरी एका वेळी १० माणसं, तीही विखुरलेली. सगळे एकाच खिडकीशी फोटोला गर्दी करतात, म्हणून एक स्वयंसेवक वरच उभा करा.

भिंतीतला जिना अंधारा नि अरुंद असतो. वर-खाली दोघांनी शिट्टीने इशारा द्यायचा. दिंडी दरवाजाशी, म्हणजे मोठ्या दारातल्या छोट्या दाराशी, तर डोकी आपटतातच. तिथे बोलका माणूस हवा, पाटी कोणी वाचत नाही.

माहिती देताना पेशव्यांची वंशावळ नको. पुण्यातल्या विश्रामबागवाड्यात सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव खांब दाखवले की लोक आपोआप थांबतात, तसं तुमच्या वाड्यातलं एक काहीतरी निवडा.