काकड आरती, भजन आणि रात्रीची मिरवणूक टिपायला कुठला कॉम्पॅक्ट कॅमेरा घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खानापूर तालुक्यातल्या गावात राहता. देवळातली काकड आरती, रात्रीचं भजन आणि बेळगावातली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक यांचे फोटो काढायचेत. फ्लॅश मारायचा नाही, कॅमेरा खिशात मावला पाहिजे, जुना मिळाला तरी चालेल. सोनीचा आरएक्स१०० मार्क ३ की मार्क ७, कॅननचा जी७ एक्स मार्क २, पॅनासोनिकचा एलएक्स१०० की रिकोचा जीआर ३, इथे गाडी अडलीय.

मी बेळगावातच राहतो आणि याच गोष्टींचे फोटो काढतो, म्हणून सविस्तर लिहितोय. माझं मत आधी सांगतो. तुमच्या कामाला जी७ एक्स मार्क २ घ्या. तो चांगल्या अवस्थेत मिळाला नाही तर आरएक्स१०० मार्क ३. मार्क ७ महाग आहे, नवा आहे, दिवसा उत्तम आहे, पण तुम्ही जे काम सांगताय त्यासाठी नको.

दुकानात विचाराल तर बहुतेक ठिकाणी "मोठा नंबर घ्या, नवीन आहे" असंच ऐकायला मिळेल. आरएक्स१०० च्या बाबतीत हे रात्रीला लागू पडत नाही. मार्क ३ (२०१४) ते मार्क ५ (२०१६) यांची लेन्स २४ ते ७० मिमी आहे (आकडा लहान तितका कोन रुंद, मोठा तितका झूम लांबचा) आणि तिचं अ‍ॅपर्चर एफ/१.८ ते एफ/२.८ (म्हणजे लेन्स किती उघडते ते; एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त). मार्क ६ (२०१८) आणि मार्क ७ (२०१९) मध्ये कंपनीने झूम २०० मिमीपर्यंत नेला आणि त्याची किंमत उजेडात मोजली: अ‍ॅपर्चर एफ/२.८ ते एफ/४.५ झालं. सगळ्यात रुंद कोनात एफ/१.८ ची लेन्स एफ/२.८ पेक्षा जवळजवळ अडीच पट उजेड आत घेते. म्हणजे जिथे मार्क ३ आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा, वाढला की फोटोत दाणे येतात) १६०० वर काम भागवेल, तिथे मार्क ७ ला ४००० च्या आसपास जावं लागेल. या सगळ्यांचा सेन्सर (आतली उजेड टिपणारी चिप) एकाच मापाचा आहे, १३.२ बाय ८.८ मिमी, ज्याला एक इंची म्हणतात. त्यामुळे सेन्सर नवा असला तरी एवढी तूट भरून निघत नाही.

आता दुसरी बाजू. सेन्सर जितका मोठा तितका अंधारात बरा, हे तुम्ही वाचलंच असेल आणि ते खरं आहे. साध्या मोठ्या झूमच्या कॉम्पॅक्टमध्ये जो सेन्सर असतो त्याचं क्षेत्रफळ २८ चौरस मिमीच्या आसपास, एक इंचीचं ११६, आणि जीआर ३ मधल्या एपीएस-सी सेन्सरचं ३६५ च्या पुढे. हे वाचून जीआर ३ च घ्यावा असं वाटणं साहजिक आहे. पण त्याची लेन्स एफ/२.८ आहे. सेन्सर एक इंचीच्या तिप्पट, पण लेन्समधून येणारा उजेड एफ/१.८ च्या अडीच पट कमी. हिशेब मांडला की रुंद कोनात हाताशी उरणारा फायदा तीसेक टक्क्यांचा. झूम जरा पुढे नेला की बाकीच्या लेन्सही हळूहळू एफ/२.८ वर येतात आणि तिथे जीआरचा सेन्सर खरा पुढे जातो, पण जीआरला झूमच नाही! २८ मिमीवरच काम करायचं. फोटो कापून जवळ आणता येतो, मात्र कापला तेवढा सेन्सरही वाया गेला.

म्हणून कुठलंही मॉडेल बघताना स्वतःला एकच विचारा: मी उभा कुठे असणार? तिथून जो झूम लागेल, त्या झूमला लेन्स किती उघडते, ते बघा. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला १.८ फक्त रुंद कोनापुरता असतो.

देवळापासून सुरू करू. कार्तिकात पहाटे काकड आरतीला तुमच्या गावातल्या देवळात काय असतं? सभामंडपात वर एक ट्यूबलाइट, गाभाऱ्यात समई, आणि आरती सुरू झाली की हातातली निरांजनं. वीणेकरी मधे उभा, टाळकरी दोन्ही बाजूंना, पखवाजवाला भिंतीला टेकून. तुम्ही त्यांच्यापासून चार-सहा हातांवर. इथे २४ ते ५० मिमी पुरतं. ट्यूबच्या उजेडात एफ/२, १/६० सेकंदाचं शटर आणि आयएसओ १६०० ने काम होतं. ट्यूब बंद करून नुसत्या निरांजनाच्या उजेडात चेहरा हवा असेल तर ६४०० पर्यंत जावं लागतं आणि तिथे एक इंची सेन्सरचा फोटो फुटायला लागतो. जीआर ३ तिथे नक्कीच सरस. शिवाय त्याच्यात सेन्सर स्थिर ठेवणारी यंत्रणा आहे, १/१५ ला सुद्धा हात हललेला दिसत नाही. पण ती हात सांभाळते, माणूस नाही. टाळ वाजवणारा हात १/१५ ला पुसलेलाच येणार.

या ट्यूबबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण देवळातले बहुतेक फोटो कॅमेऱ्यामुळे बिघडत नाहीत, या दोन रंगांच्या उजेडामुळे बिघडतात. वरून पांढरा-निळसर, खालून निरांजनाचा पिवळा. एकाच चेहऱ्याचं कपाळ निळं आणि हनुवटी केशरी दिसते. रंग आपोआप जुळवणारा ऑटो व्हाइट बॅलन्स गोंधळतो. फोटो रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढा, म्हणजे रंग नंतर बसवता येतो. तुम्ही विचारलेली पाचही मॉडेल्स रॉ देतात. पण त्याहून सोपा उपाय म्हणजे पुजारीकाकांना आदल्या दिवशी सांगून ठेवायचं, आरतीपुरती ट्यूब बंद ठेवा म्हणून. गावातले लोक आनंदाने ऐकतात, आरतीही जास्त शोभून दिसते. ज्योत चौकटीत असेल तर एक्स्पोजर मायनस एकवर ठेवा. नाहीतर कॅमेरा अंधार बघून सगळं उजळवतो आणि ज्योतीचा पांढरा ठिपका होऊन बसतो.

आवाजाची काळजी करू नका. या कॉम्पॅक्टचं शटर लेन्समध्येच असतं, त्याचा आवाज भजनात शेजारच्यालाही ऐकू जात नाही. मेनूतला बीप मात्र बंद करा आणि फोकससाठी पुढे लागणारा केशरी दिवाही. एलएक्स१०० आणि मार्क ७ मध्ये सायलेंट शटर दिलंय, ते मोहात पाडतं, पण एलईडीखाली वापरू नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आणि सायलेंट शटर सेन्सर ओळीओळीने वाचतं, त्यामुळे फोटोवर आडवे पट्टे उमटतात. मेकॅनिकल शटर ठेवा आणि जमेल तिथे १/५० किंवा १/१००.

मिरवणुकीचं गणित वेगळं. शिवजयंतीच्या रात्री रामदेव गल्लीत किंवा हुतात्मा चौकात तुम्ही कडेला, पुढे चार रांगा माणसं, आणि ट्रॉलीवर उंच जिवंत देखावा. मावळे, भालदार, महाराज, मागून धूर, वरून लाल-निळे फोकसचे दिवे. इथे २८ मिमीच्या जीआरमध्ये निम्मा फोटो समोरच्यांच्या डोक्यांचा येतो. ७० ते १०० मिमी लागतं. जी७ एक्स मार्क २ ची लेन्स २४ ते १०० आणि पार १०० ला सुद्धा एफ/२.८. मार्क ७ तिथे पोचेपर्यंत चारच्या पुढे गेलेला असतो, म्हणजे निम्म्याहून कमी उजेड. मार्क ३ ची लेन्स ७० लाच थांबते. माझ्या मते तुमच्यासाठी कॅननचं पारडं इथेच जड होतं. त्याची स्क्रीन खालच्या बाजूलाही झुकते, त्यामुळे दोन्ही हातांनी कॅमेरा डोक्यावर धरून चौकट बघता येते. गर्दीत याचा फार उपयोग होतो.

देखाव्यातली माणसं बऱ्यापैकी स्थिर असतात आणि दिव्यांचा फोकस थेट त्यांच्यावर असतो, त्यामुळे १/१२५, एफ/२.८, आयएसओ ८०० ते १६०० मध्ये छान येतं. मागचं आकाश काळं म्हणून इथेही मायनस एक. लाल एलईडीचा फोकस अंगावर पडलेला असताना चेहरा सपाट लाल गोळा होतो, रॉ मधूनही तो पूर्ण सुधारत नाही. फोकस बदलेपर्यंत थांबा, दोन-चार सेकंदांत पांढरा किंवा पिवळा येतोच. लेझीम आणि झांजपथकाला मात्र १/२५० तरी हवं, तिथे ३२०० पर्यंत जायला घाबरू नका. थोडे दाणे दिसले तरी फोटो राहतो, हललेला फोटो कशानेही परत येत नाही.

जी७ एक्सची उणी बाजूही सांगायला हवी. व्ह्यूफाइंडर नाही आणि फोकस कॉन्ट्रास्टवर (उजेड-सावलीचा फरक शोधून) चालतो, काळोखात कधीकधी पुढे-मागे शोधत बसतो. मार्क ३ ला व्ह्यूफाइंडर आहे, पण फोकस तसाच. सोनीत फेज डिटेक्शन, म्हणजे फोकसची जलद पद्धत, मार्क ५ पासून आलं. पाचवा तुमच्या बजेटमध्ये सापडला तर मी त्याचाही विचार करेन, लेन्स तीच उजेडाची आहे आणि फोकस चपळ. फक्त बॅटरी कमी चालते: कंपनीच्या नोंदीप्रमाणे मार्क ३ ला ३२० फोटो, मार्क ५ ला २२०, जीआर ३ ला तर २००. मिरवणूक पहाटेपर्यंत चालते, तेव्हा कुठलाही घेतलात तरी जादा बॅटरी लागणारच. काळोखात फोकस बसत नसेल तर चेहऱ्याच्या मधोमध न लावता कडेवर लावा: फेट्याची किनार, वीणेची खुंटी, जिथे उजेड आणि सावली भिडतात तिथे.

एलएक्स१०० बद्दल माझ्या मनात आदर आहे. एफ/१.७ ते २.८ ची लेन्स, एक इंचीपेक्षा मोठा फोर थर्ड्स सेन्सर (त्याचा सगळा भाग वापरला जात नाही, तरीही मोठाच), आणि अ‍ॅपर्चरची कडी लेन्सवरच, अंधारात बोटाने फिरवता येते. निव्वळ उजेडाच्या हिशेबात तुमच्या यादीत तो पहिला किंवा दुसरा. पण वजन ३९० ग्रॅमच्या वर, सदऱ्याच्या खिशात मावत नाही, आणि स्क्रीन हलत नाही. खिशाची अट सोडायला तयार असाल आणि मिरवणुकीपेक्षा देऊळ जास्त महत्त्वाचं असेल, तर माझ्या सल्ल्यावर न जाता तोच घ्या.

मोबाइलबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण घरातले विचारतील. नुसता गाभारा, दीपमाळ, रोषणाई केलेलं कपिलेश्वर मंदिर, अशा न हलणाऱ्या गोष्टींना आजचा बरा मोबाइल पुरतो. तो अनेक फोटो एकावर एक रचून अंधार भरून काढतो. हलणारी माणसं आली की हेच रचणं अंगाशी येतं, टाळ धरलेल्या हाताला सहा बोटं दिसतात. तुमचे विषय हलणारेच आहेत. कुस्तीचं मैदान मात्र यादीत घालू नका. लांबून १/५०० ला फ्लडलाइटखाली पकडीचे फोटो काढणं हे यातल्या एकाही कॅमेऱ्याचं काम नव्हे.

जुना कॅमेरा घेताना आपल्या भागात दोन गोष्टी नीट बघायच्या. पहिली धूळ. यातला एकही कॅमेरा धूळ-पाण्यापासून सीलबंद नाही, लेन्स आत-बाहेर होताना हवेबरोबर बारीक पूड आत ओढते. विसर्जनाचा गुलाल असो की चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेतला भंडारा, एकदा सेन्सरवर बसला की या कॅमेऱ्यांत लेन्स काढून पुसायची सोय नाही, पूर्ण उघडावा लागतो. पांढऱ्या भिंतीचा फोटो एफ/११ वर काढायला सांगा. करडे ठिपके दिसले तर भाव पाडू नका, सरळ सोडून द्या. उधळण चालू असताना तुम्हीही झूम हलवू नका, आणि फ्लॅश तर मारूच नका, हवेतला प्रत्येक कण पांढरा गोळा होऊन येतो.

दुसरी बुरशी. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडचा पावसाळा तुम्हाला मी काय सांगणार. लेन्स पूर्ण उघडून समोरून मोबाइलची टॉर्च तिरकी मारा. आत कोळिष्टकासारखे बारीक तंतू दिसले तर तो कॅमेरा नको. आपला घेतल्यावर जून ते सप्टेंबर कपड्यांच्या कपाटात ठेवू नका आणि चामड्याच्या पाकिटात तर अजिबात नको. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, जेलचे दाणे रंग बदलले की तापवून पुन्हा वापरा, आणि आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून दहा-बारा फोटो काढा.