ओसाड गावातलं चर्च आणि लाल डबलडेकर

प्रश्न : एक रील बघितलं, लंडनच्या जुन्या लाल डबलडेकर बसेस माळरानातून एका ओसाड गावात जातायत, घरांना दारं नाहीत खिडक्या नाहीत, चर्च तेवढं धडधाकट. हे काय प्रकरण आहे? लोक कुठे गेले? – एक वाचक, ठाणे

उत्तर : ते इम्बर. इंग्लंडात विल्टशायरमध्ये, सॅलिसबरी प्लेनच्या माळावर. चर्च सेंट जाइल्सचं, तेराव्या शतकातलं, अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंड या तिथल्या अधिकृत धर्मसंस्थेचं.

झालं असं की लष्कराने १८९७ पासूनच त्या माळावर सरावासाठी जमिनी घ्यायला सुरुवात केली होती आणि दुसरं महायुद्ध येईपर्यंत जवळजवळ सगळं गाव त्यांच्या नावावर, म्हणजे लोक आपल्याच गावात भाडेकरू. १ नोव्हेंबर १९४३ ला शाळेत मीटिंग घेऊन सांगितलं, ४७ दिवसांत गाव खाली करा, अमेरिकन सैनिकांना ट्रेनिंग द्यायचंय. दीडेकशे माणसं असतील. युद्ध संपलं की परत येऊ असंच सगळे धरून चालले होते, पण कसलं काय. १९६१ मध्ये दोनेक हजार लोक मोर्चा घेऊन गावात शिरले, चौकशी बसली, निकाल लष्कराच्याच बाजूने.

चर्च मात्र लष्कराला कधी विकलंच गेलं नव्हतं, ते चर्च ऑफ इंग्लंडचंच राहिलं, म्हणून तारेच्या कुंपणात का होईना वाचलं. वर्षातून एकदा, १ सप्टेंबरच्या आसपासच्या शनिवारी तिथे प्रार्थना व्हायची. पण वस्तीच नाही म्हटल्यावर पॅरिश, म्हणजे चर्चला जोडलेली गावकऱ्यांची मंडळी, कुठून असणार? शेवटी ते चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्टकडे गेलं, ही १९६९ ची संस्था, असली वापरातून गेलेली ३५० च्या वर चर्चेस सांभाळते.

मला स्वतःला आवडते ती मनोऱ्यातली भिंत. घंटा कुठल्या क्रमाने वाजवायच्या त्याचा तक्ता १६९२ मध्ये भिंतीवरच रंगवून ठेवलाय, नुसते आकडे, ओळीखाली ओळ, दर ओळीत क्रम थोडा बदललेला. वाजवणारे गेले, तक्ता आहे तसाच!

बसेसचं म्हणाल तर ती हौशी मंडळींची करामत. २००९ पासून ऑगस्टमध्ये एक दिवस वॉरमिन्स्टर स्टेशनहून सुटतात. एरवी रस्ता बहुतेक बंदच, कारण लष्कराचा सराव अजून चालू आहे. गेलात तर तारीख बघून जा आणि फोटोच्या नादात रस्ता सोडून गवतात शिरू नका, न फुटलेले गोळे असतात.